अनुव्यवसाय : ‘मला कळलं’ हे मला कसं कळतं?

ओसरी

समोर माठ आहे, उजेड आहे, डोळे धड आहेत. ‘हा माठ’ असं ज्ञान होतं. त्याच्या मागोमाग कधी कधी आणखी एक ज्ञान होतं, ‘मला माठ दिसतोय’. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, पहिल्याला व्यवसाय म्हणतात, दुसऱ्याला अनुव्यवसाय. पहिल्यात फक्त माठ आहे. दुसऱ्यात माठ आहे, माठाचं ज्ञान आहे आणि ते ज्याला झालं तो ‘मी’ही आहे.

ध्यान-साधनेच्या चर्चांमध्ये हा शब्द हल्ली ‘साक्षीभाव’ या अर्थानं वाचायला मिळतो, कुठे ‘आत्मपरीक्षण’ या अर्थानं. मला ते खटकतं. त्या गल्लतीत न्यायाचा एक फार धीट सिद्धान्त झाकला जातो, म्हणून हा धागा.

सिद्धान्त असा की ज्ञान विषय दाखवतं, स्वतःला दाखवत नाही. माठ दिसला तेव्हा माठ कळला, बस. ‘दिसणं’ कळायला वेगळं ज्ञान लागतं आणि ते मनाकडून होतं. न्यायात मन हे इंद्रिय आहे. तर्कसंग्रह या न्यायाच्या प्रवेशग्रंथात अन्नंभट्ट एका ओळीत सांगून मोकळा होतो: ‘सुखाद्युपलब्धिसाधनमिन्द्रियं मनः’. सुखदुःख वगैरे ज्याच्यामुळे कळतं ते इंद्रिय म्हणजे मन. त्या ‘वगैरे’त ज्ञानही येतं, इच्छाही येते, द्वेषही येतो.

मला सगळ्यात आवडतो तो यातला सन्निकर्षाचा, म्हणजे इंद्रिय विषयाला कसं भिडतं याचा, भाग. माठाचा तांबडा रंग डोळ्याला कसा दिसतो? डोळ्याचा माठाशी संयोग, आणि रंग माठात समवायानं, म्हणजे वेगळं न काढता येणाऱ्या संबंधानं, राहतो, म्हणून संयुक्तसमवाय. आता ज्ञान. मनाचा आत्म्याशी संयोग, आणि ज्ञान आत्म्यात समवायानं राहतं, म्हणून पुन्हा संयुक्तसमवायच! माझं ज्ञान मला ज्या रीतीनं भेटतं तीच रीत माठाच्या रंगाची. आतलं जाणून घ्यायला न्यायानं कोणतीही खास, गूढ शक्ती मानलेली नाही. एक इंद्रिय जास्तीचं मानलं आणि बाकी सगळी यंत्रणा तीच ठेवली.

म्हणून अनुव्यवसाय ही घटना आहे. ती कधी होते, कधी होत नाही. झाली तरी न्यायाच्या हिशेबात दोन क्षण टिकते आणि तिसऱ्या क्षणी नाहीशी होते. ती अवस्था नाही आणि साधनेनं मिळवायची गोष्टही नाही. शाळेतल्या मुलाला जेव्हा ‘अरे, मला हे येतंय’ असं वाटतं, तेव्हा ती झालेली असते.

पाणंद

धागा आवडला. लगेच एक शंका. माठाचं ज्ञान कळायला दुसरं ज्ञान लागतं, तर ते दुसरं कळायला तिसरं लागेल, तिसऱ्याला चौथं. याला अंत कुठे? मग मुळातलं माठाचं ज्ञान तरी कधी पुरं होणार?

ओसरी

पाणंद, अनवस्थेचा हा आक्षेप जुनाच आहे आणि तो सगळ्यांनी घेतलाय. न्यायाचं उत्तर असं, की माठ कळण्यासाठी माठाचं ज्ञान *असावं* लागतं, ते *कळावं* लागत नाही. डोळा दिसत नसूनही डोळ्यानं दिसतं ना, तसंच. साखळी ओढायला सक्तीच नाही. दुसरं ज्ञान झालं तर झालं. तिसऱ्याची जिज्ञासा सहसा कोणाला नसते, आणि तेवढ्यात रस्त्यावरचा आवाज नाहीतर पायाला चावलेला डास मनाला दुसरीकडे नेतो. मन अणू आहे, एका वेळी एकाच ठिकाणी जातं. ‘युगपज्ज्ञानानुत्पत्तिर्मनसो लिङ्गम्’ हे न्यायसूत्र (१.१.१६) त्याचसाठी आहे. एकाच वेळी अनेक ज्ञानं होत नाहीत, हीच मन असल्याची खूण.

तळटीप

अनवस्था टळली असे मी समजत नाही. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीचे प्रसिद्ध वचन आहे: ‘अप्रत्यक्षोपलम्भस्य नार्थदृष्टिः प्रसिध्यति’. ज्याला आपली उपलब्धीच प्रत्यक्ष नाही, त्याला विषय दिसला हेही सिद्ध होत नाही. सातव्या शतकातल्या या माणसाचा मुद्दा साधा आहे. दिवा घरातल्या वस्तू उजळतो, पण तो दिसावा म्हणून आपण दुसरा दिवा आणत नाही. ज्ञानाचेही तसेच. न्यायबिंदूत तो प्रत्यक्षाचे चार प्रकार करतो. त्यातला एक म्हणजे आत्मसंवेदन, आणि ते सर्व चित्तांना व चैत्तांना (चित्ताच्या सुखदुःखादी अवस्थांना) लागू आहे: ‘सर्वचित्तचैत्तानामात्मसंवेदनम्’. सर्व, म्हणजे एकही ज्ञान त्यातून सुटत नाही.

जैनांचेही मत याच बाजूचे. वादिदेवसूरी प्रमाणाचे लक्षणच ‘स्वपरव्यवसायि ज्ञानम्’ असे करतात. स्वतःचा आणि दुसऱ्याचा निश्चय करणारे ते ज्ञान. प्राभाकर मीमांसक, म्हणजे मीमांसा दर्शनातले प्रभाकराचे अनुयायी, त्रिपुटी मानतात. प्रत्येक ज्ञानात ज्ञाता, ज्ञेय आणि ज्ञान तिन्ही एकदम भासतात. म्हणजे या प्रश्नावर नैयायिक बराचसा एकटा आहे.

ओसरी

अगदी एकटा नाही. भाट्ट मीमांसकही, म्हणजे कुमारिल भट्टाचे अनुयायी, ज्ञानाला स्वप्रकाश (स्वतःला दाखवणारं) मानत नाहीत. उलट ते आणखी पुढे जातात. त्यांच्या मते ज्ञान कधीच प्रत्यक्ष होत नाही, त्याचं अनुमान करावं लागतं. माठ कळला की माठावर ‘ज्ञातता’ नावाचा एक धर्म येतो, आणि त्यावरून आपण म्हणतो की आपल्याला ज्ञान झालं असणार. न्यायाला हे पटत नाही. काल पडून गेलेल्या पावसाचं ज्ञान मला आज होतं, मग जो पाऊस आज नाहीच त्याच्यावर ज्ञातता येणार कशी?

दिव्याबद्दल मला असं वाटतं, तळटीप. दिवा ‘दिसतो’ तो डोळ्याला. दिव्याला दिवा दिसत नाही. आंधळ्याच्या घरात लावलेला दिवा स्वतःला उजळतो असं म्हणायचं, तर ‘उजळणं’ म्हणजे ‘कळणं’ नव्हे हे आधी कबूल करावं लागेल. सुरी स्वतःला कापत नाही, हा दृष्टान्त तर स्वसंवेदनाविरुद्ध, म्हणजे ज्ञान स्वतःला जाणतं या मताविरुद्ध, बौद्धांमधल्याच माध्यमिकांनी दिलाय. शांतिदेवाच्या बोधिचर्यावतारात नवव्या परिच्छेदात तो येतो.

तळटीप

माध्यमिकांचा दाखला मान्य. त्यांनी योगाचार या दुसऱ्या बौद्ध पंथाविरुद्ध हे लिहिले आहे आणि तो वाद बौद्धांच्या घरातला होता. पण दिव्याचा दृष्टान्त पडला म्हणून धर्मकीर्तीचा मूळ मुद्दा पडत नाही. ज्ञान झाले आहे पण त्याचा कोणालाही पत्ता नाही, अशी स्थिती मला कल्पिता येत नाही.

माजघर

मी न्याय शिकलेली नाही. पण आमच्याकडे रोज ज्ञानेश्वरी असते, त्यामुळे ‘स्वसंवेद्य’ शब्द कानावर आहे. पहिल्याच ओवीत आहे. ‘ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥’. मग माऊली तळटीप म्हणतात त्या बाजूच्या, की ओसरींच्या?

तळटीप

माजघर, प्रश्न नेमका आहे. शब्द दोन्हीकडे जवळजवळ तोच आहे, पण तो कशाला लावला आहे ते पाहावे लागते. बौद्ध प्रत्येक क्षणिक ज्ञानाला स्वसंवेदन म्हणतो. माठाचे ज्ञान, दातदुखीचे ज्ञान, स्वप्नातले ज्ञान, सगळे. ओवीतले ‘स्वसंवेद्या’ हे ‘आत्मरूपा’चे विशेषण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या ज्ञानाबद्दल तिथे काहीच म्हटलेले नाही. जो आत्मा तोच स्वतःला जाणणारा, दुसऱ्या कशाने जाणला न जाणारा, एवढाच तिथे अर्थ. तेव्हा माऊलींना माझ्या बाजूला ओढणे मला बरोबर वाटत नाही.

माजघर

हे छान उलगडलंत. मग अमृतानुभवात ज्ञानखंडन नावाचं अख्खं प्रकरण आहे ते याच्याशी जुळतं का? तिथे तर अज्ञानापाठोपाठ ज्ञानालाही जागा ठेवलेली नाही. आमच्या आजोबांना त्या प्रकरणाचं फार होतं.

ओसरी

जुळतं, पण पातळी वेगळी आहे, असं माझं वाचन आहे. शब्दखंडन, अज्ञानखंडन, ज्ञानखंडन, सहावं ते आठवं प्रकरण. ज्ञान हे अज्ञानाच्या अपेक्षेनंच ज्ञान. अज्ञान गेलं की त्याला घालवणारं ज्ञानही उरत नाही आणि जे उरतं त्याला ‘जाणणारा’ हा शब्दही चालत नाही. न्यायाला इथवर जायचंच नाही. न्यायाचा आत्मा जाणतो कारण ज्ञान हा त्याच्यात येणारा-जाणारा गुण आहे. गुण नसेल तेव्हा आत्मा आहे पण जाणत नाही. मोक्षातही नाही! वारकरी मनाला हे कोरडं वाटेल, ते मी समजू शकते. तरी दोघांचा प्रश्नच वेगळा आहे हे लक्षात ठेवलं, की दोघांबद्दलचा आदर शाबूत राहतो.

शेवग्याची शेंग

वाचतोय. इथे चर्चा अशीच शांतपणे चालू राहू द्या, ही विनंती. :)

दुपारसावली

मी गणित शिकवते. ओसरी यांनी शेवटी शाळेतल्या मुलाचं लिहिलंय तिथे अडले. वर्गात ‘कळलं का?’ विचारलं की मुलं ‘हो’ म्हणतात, आणि ती खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच कळल्यासारखं वाटत असतं. वही तपासली की दिसतं कळलेलं नाही. मग अनुव्यवसाय झाला की नाही झाला? आणि झाला असेल तर तो चुकला का?

ओसरी

दुपारसावली ताई, या एका प्रश्नासाठी धागा सार्थकी लागला. थोडं लांब लिहिते.

अनुव्यवसाय सांगतो की ‘मला अमुक ज्ञान झालं’. ते ज्ञान खरं आहे असं तो सांगत नाही. न्यायाचा परतःप्रामाण्यवाद (ज्ञानाचं प्रामाण्य, म्हणजे खरेपणा, बाहेरून ठरतो हे मत) तो हाच. लांबून पाणी दिसलं. ‘मला पाणी दिसतंय’ हा अनुव्यवसायही झाला. पण ते पाणीच आहे की मृगजळ, हे तिथवर चालत जाऊन, ओंजळ भरून, तहान भागल्यावर ठरतं. याला समर्थप्रवृत्ती म्हणतात. तर्कसंग्रहावरच्या दीपिकेत अन्नंभट्टानं पाण्याचंच उदाहरण घेतलंय. पाण्याच्या ज्ञानानंतर माणूस तिकडे गेला आणि त्याला पाणी मिळालं, की मागच्या ज्ञानाच्या खरेपणाचं *अनुमान* होतं. प्रत्यक्ष नव्हे, अनुमान.

आणि यामागची युक्ती अशी. ज्ञान झाल्याबरोबर त्याचा खरेपणाही कळत असता, तर ‘मला कळलंय ते बरोबर आहे ना?’ अशी शंका कोणाला कधी आलीच नसती. नव्या, सवयीच्या नसलेल्या ठिकाणी ती येते. म्हणजे खरेपणा ज्ञानाबरोबर आलेला नव्हता.

तुमच्या मुलांचा अनुव्यवसाय चुकलेला नाही. त्यांना काहीतरी ज्ञान झालंय आणि ते झाल्याचं त्यांना बरोबर कळलंय. चूक असेल तर मूळ व्यवसायात. त्याची परीक्षा वहीतच होणार, मनात कितीही डोकावलं तरी नाही. न्यायशास्त्राची ही बाजू प्रत्येक शिक्षकापर्यंत पोचावी असं मला मनापासून वाटतं.

पाणंद

म्हणजे शिंपल्यावर चांदी दिसली तर ‘मला चांदी दिसली’ हे बरोबर, ‘ही चांदी’ हे चूक?

तळटीप

हो, न्यायमताने तसेच. इथे एक भर घालतो. मीमांसक प्रामाण्य स्वतः मानतात, म्हणजे ज्ञान ज्या सामग्रीने कळते तिनेच त्याचे प्रामाण्यही कळते. पण ज्ञान कळते कसे, याबद्दल त्यांच्यात तीन तऱ्हा आहेत. प्राभाकर म्हणतात ज्ञान स्वतःच स्वतःला दाखवते. भाट्ट म्हणतात ज्ञाततेवरून अनुमान. मुरारि मिश्र मात्र न्यायाचा अनुव्यवसाय जसाच्या तसा घेतात आणि प्रामाण्यही त्यातच कळते असे म्हणतात. ‘मुरारेस्तृतीयः पन्थाः’ ही म्हण त्यांच्यावरूनच आली. म्हणजे शब्द तोच आणि यंत्रणा तीच असूनही निष्कर्ष उलटा. मुरारींचा पक्ष घेतला तर दुपारसावली यांच्या विद्यार्थ्यांचे काय होईल, हे विचार करण्याजोगे आहे. त्यांना ‘कळलं’ असे वाटले त्याच क्षणी ‘बरोबर कळलं’ हेही वाटणार, आणि पुढे वही पाहून ते बाधित होणार. हेही अनुभवाला धरूनच आहे, असे मला वाटते.

दुपारसावली

दोन्ही उत्तरं जपून ठेवते आहे. तळटीप म्हणतात ते मुलांच्या चेहऱ्यावर दिसतं हे खरं. पण शिक्षक म्हणून मी ओसरींच्या मागे जाईन, कारण त्यात मुलाला खोटं पाडावं लागत नाही. तुला काही कळलंय हे खरंच आहे, चल, ते पडताळून पाहू, असं म्हणता येतं.

रानवाट

उशिरा येतोय. ‘अनुव्यवसाय म्हणजे साक्षीभाव नाही’ हे विधान कोणी तरी नीट मांडा ना. मी अशाच एका ध्यानवर्गात हा शब्द ऐकला होता आणि मला तो पटला होता.

ओसरी

रानवाट, प्रयत्न करते. वेदान्तात साक्षी नेहमी आहे. वृत्ती, म्हणजे मनाच्या बदलत्या अवस्था, येतात, जातात, साक्षी येत-जात नाही. योगसूत्रांतही तसंच. चौथ्या पादातलं ‘सदा ज्ञाताश्चित्तवृत्तयः’ हे सूत्र बघा. चित्ताच्या वृत्ती पुरुषाला (योगदर्शनातल्या आत्म्याला) *सदा* ज्ञात असतात, कारण पुरुष बदलत नाही. या ‘सदा’वर सगळं आहे. अनुव्यवसायात सदा नाहीच. तो मनाच्या संयोगानं होतो, मन दुसरीकडे असेल तर होत नाही. कित्येक ज्ञानं आपल्याला झाली आणि ती झाली हे आपल्याला कधीच कळलं नाही, असं नैयायिक निःशंकपणे मानतो. तळटीप यांना वर जी स्थिती कल्पिता येत नव्हती, ती नेमकी हीच.

शिवाय साक्षी हा कर्ता नाही, तो करत काहीच नाही. अनुव्यवसाय करणारा न्यायाचा आत्मा मात्र कर्ता, भोक्ता, इच्छा करणारा, तोच. बाजूला उभं राहून पाहणारा असा कोणी तिथे नाही. ज्याला भूक लागली त्यालाच ‘मला भूक लागली’ हे कळतं.

ध्यानवर्गात जे शिकलात ते मोलाचं असेल, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. त्याला साक्षी म्हणावं, वेदान्ताचा तो शब्द त्यासाठी आहेच.

तळटीप

आणखी एक ठळक फरक. वेदान्तपरिभाषा या ग्रंथात धर्मराजाध्वरीन्द्र मन हे इंद्रिय आहे हेच नाकारतात. समोरचा गीतेतले ‘मनःषष्ठानीन्द्रियाणि’ पुढे करतो, मनासकट सहा इंद्रिये असे तिथे म्हटले आहे. त्यावर त्यांचे उत्तर असे: ‘यजमानपञ्चमा इडां भक्षयन्ति’ या वाक्यात ऋत्विजांची (यज्ञ करणाऱ्या पुरोहितांची) पाच ही संख्या ऋत्विज नसलेल्या यजमानाला धरून पुरी होते. तसेच सहा ही संख्या इंद्रिय नसलेल्या मनाने पुरी झाली. शिवाय कठोपनिषदात इंद्रियांहून अर्थ पर आणि अर्थांहून मन पर, असे मन वेगळे सांगितले आहे. मन इंद्रियच नसेल तर मानसप्रत्यक्ष कसले? सुखदुःख आणि वृत्ती मग साक्षीलाच थेट भासतात. म्हणजे एकाला दुसऱ्याच्या जागी ठेवता येत नाही. एक मानला की दुसऱ्याची गरजच उरत नाही.

रानवाट

आता लक्षात आलं. दोघांचे आभार. म्हणजे ‘मन इंद्रिय आहे का’ या प्रश्नावर सगळं येऊन ठेपतं.

पाणंद

ओसरी, तुम्ही म्हणालात की कित्येक ज्ञानं कधीच कळत नाहीत. ती मन दुसरीकडे होतं म्हणून निसटलेली. पण काही ज्ञानं अशी आहेत का, की मनानं कितीही पाहिलं तरी कळणारच नाहीत?

ओसरी

आहेत, आणि ही न्यायातली मला सगळ्यात विचार करायला लावणारी जागा आहे. निर्विकल्पक ज्ञान. ‘हा माठ’ हे सविकल्पक, त्यात ‘माठपणा’ हे विशेषण आणि समोरची वस्तू हे विशेष्य, असं जोडून कळतं. पण जोडण्याआधी विशेषण माहीत हवं. काठी माहीत नसेल तर ‘हा काठीवाला’ असं ज्ञान होत नाही. म्हणून ‘हा माठ’च्या आधी, काही न जोडलेलं, नुसतं माठपणाचं ज्ञान झालेलं असणार. ते निर्विकल्पक. त्याचा अनुव्यवसाय होत नाही, ते अतीन्द्रिय आहे. ते फक्त या युक्तीनं सिद्ध होतं.

आपल्याला झालेलं, पुढच्या प्रत्येक ज्ञानाचा पाया असलेलं, आणि तरी आपल्याला कधीच न दिसणारं ज्ञान! मराठीत मानसशास्त्राच्या संदर्भात आपण ‘नेणीव’ म्हणतो, त्याच्याशी हे जोडायचा मोह होईल. मी जोडणार नाही. नेणिवेत दडपलेल्या इच्छा असतात, आशय असतो. निर्विकल्पकात दडपलेलं काहीच नाही. ते न दिसण्याचं कारण त्याच्या घडणीत आहे.

ज्यांना मुळातून वाचायचंय त्यांच्यासाठी: आठल्ये आणि बोडस यांनी सिद्ध केलेली तर्कसंग्रहाची आवृत्ती मुंबई संस्कृत मालेत १८९७ मध्ये निघाली, तिच्या टीपा अजून उपयोगी आहेत. भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश, वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेला, भांडारकर संस्थेनं १९२८ मध्ये काढला. त्यात एकेक पारिभाषिक शब्द काढून बघता येतो. आणि वाद जिथे खरा रंगलाय ते गंगेशाच्या तत्त्वचिंतामणीत, प्रत्यक्षखंडातला अनुव्यवसायवाद. तो मात्र एकट्यानं वाचण्याजोगा नाही, गुरू हवा.

माजघर

माझा शेवटचा प्रश्न. गाढ झोपेतून उठल्यावर आपण म्हणतो, ‘मस्त झोप लागली, काहीच कळलं नाही’. काहीच कळलं नाही हे कोणाला कळलं?

तळटीप

माजघर, वेदान्ती याच वाक्यावर उभा आहे. ‘सुखमहमस्वाप्सं न किञ्चिदवेदिषम्’. उठल्यावर जे आठवते ते आधी अनुभवलेले असलेच पाहिजे, म्हणून झोपेतही साक्षी जागा होता. योगसूत्रे तर निद्रेला वृत्तीच म्हणतात, आणि त्यांवरच्या व्यासभाष्यात कारण तेच दिले आहे, उठल्यावर होणारी आठवण.

ओसरी

न्यायाचं म्हणणं, ती आठवण नव्हेच. सुषुप्तीत, म्हणजे गाढ झोपेत, मन पुरीतत् नावाच्या नाडीत शिरतं. तिथे त्वचेशी त्याचा संयोग नसतो, आणि त्वचा-मन संयोगाशिवाय कोणतंच ज्ञान होत नाही. व्यवसाय नाही, म्हणून अनुव्यवसायही नाही. उठल्यावर शरीर हलकं वाटतं, मधला काळ गेलेला दिसतो, मधलं काही आठवत नाही, यावरून आपण *अनुमान* करतो की त्या वेळात काही कळलं नाही.

माझा कौल न्यायाकडे आहे, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालंय. पण ‘काही कळलं नाही’ याचं अनुमान करता येतं, ‘मस्त’ याचं तितक्या सहज करता येत नाही. उठल्यावरचा ताजेपणा हा आत्ताचा आहे. तो मागच्या सुखाचा पुरावा कसा, ही वेदान्त्यांची अडवणूक मला जड वाटते. दुःख नव्हतं, त्यालाच आपण सुख म्हणतो, असं नैयायिकाचं उत्तर आहे. ओझं उतरवलेला हमाल ‘सुखी झालो’ म्हणतो ना, तसं.

माजघर

हमालाला ओझं उतरल्याचं तेव्हाच कळतं. झोपलेल्याला उठल्यावर कळतं. तिथे मला अजून अडतंय.

ओसरी

मलाही तिथेच अडतं, माजघर. मुक्तावली या न्यायग्रंथातला सुषुप्तीचा भाग पुन्हा काढते आणि इथेच लिहिते. तळटीप, व्यासभाष्यातला निद्रेवरचा उतारा तुम्ही टाकलात तर दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील.

तळटीप

उद्या संध्याकाळपर्यंत टाकतो.